‘शाकुंतला’तील पितृत्वाचा संशय आणि मराठी प्रेक्षक

१. विषयप्रवेश

‘अभिज्ञानशाकुंतल’ हे नाटक म्हणजे निसर्गरम्य आश्रमातील एक मुग्ध प्रणयकथा, अशी त्याची ओळख मराठी वाचकाला शालेय वयापासून झालेली असते. या नाटकाचे पर्यवसान आनंदात होते. त्यात विदूषकाची थट्टा आहे, कोळी आणि नगररक्षक यांचा हास्यकारक प्रवेश आहे, आणि शेवटी पती, पत्नी व पुत्र यांचे मीलन आहे. युरोपीय वर्गीकरणाची परिभाषा वापरावयाची झाल्यास शृंगारप्रधान सुखान्तिकांच्या वर्गात त्याला बसविता येईल. परंतु या सुखान्तिकेच्या मध्यभागी जो प्रश्न उभा आहे तो मुळीच मुग्ध नाही. एक गर्भवती स्त्री राजसभेत उभी आहे. तिच्या उदरातील अपत्याचा पिता म्हणून ती ज्याचे नाव घेते, तो पुरुष भर सभेत ते नाकारीत आहे. सबंध उत्तरार्धाची उभारणी या संशयावर व त्याच्या निरसनावर झालेली आहे.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाचे स्थान असाधारण आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘संगीत शाकुंतला’चा प्रयोग केला आणि तेथून मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. या घटनेचा विचार आजवर मुख्यतः संगीताच्या अंगाने झाला आहे, आणि तो योग्यही आहे. तथापि ज्या प्रेक्षकांनी हे नाटक डोक्यावर घेतले त्यांनी त्यातील पितृत्वाच्या प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. ज्या पुण्यात हा प्रयोग झाला त्याच पुण्यात त्या काळी निराधार गर्भवती स्त्री आणि तिचे ‘बापाचे नाव नसलेले’ मूल हा जिवंत सामाजिक प्रश्न होता. रंगमंचावरील शकुंतला आणि वाड्यावाड्यांतील या स्त्रिया यांच्यामध्ये प्रेक्षकाच्या मनात काही धागा जुळला होता काय, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

२. महाभारतातील कथा : सभा हाच प्रेक्षक

कालिदासाने काय बदलले हे कळल्याशिवाय प्रेक्षकाने काय स्वीकारले हे कळणार नाही. म्हणून प्रथम महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यान पाहिले पाहिजे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने वि. सी. सुकथनकर यांच्या संपादकत्वाखाली आदिपर्वाची चिकित्सित आवृत्ती १९३३ मध्ये पूर्ण केली. त्यामुळे हे उपाख्यान अभ्यासकांना विश्वसनीय स्वरूपात उपलब्ध आहे.

या मूळ कथेत शाप नाही, मुद्रिका नाही, विस्मृतीही नाही. शकुंतला आपल्या वाढलेल्या मुलाला घेऊन राजसभेत येते. राजाला सर्व काही आठवत असते. तरीही आपल्याला काही स्मरत नाही असे तो सांगतो, तिच्या आईची म्हणजे मेनकेची व पित्याची म्हणजे विश्वामित्राची निंदा करतो, आणि मुलाच्या थोराड देहयष्टीकडे बोट दाखवून तिला खोटी ठरवितो. शकुंतला येथे रडत नाही. पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, याविषयी ती राजाला भर सभेत दीर्घ उपदेश करते. अखेर आकाशवाणी होते आणि ती मुलाचे पितृत्व जाहीर करते. त्यानंतर राजा जे स्पष्टीकरण देतो ते अत्यंत सूचक आहे. हा आपला पुत्र आहे हे त्याला ठाऊकच होते. परंतु केवळ तिच्या शब्दावर त्याचा स्वीकार केला असता तर लोकांना शंका आली असती आणि मुलाच्या शुद्धतेला बाध आला असता, असे तो म्हणतो.

म्हणजे मूळ कथेतील खरा निर्णय राजाच्या हाती नसून लोकमताच्या हाती आहे. सभेत बसलेले अमात्य, पुरोहित आणि नागरिक हेच या नाट्याचे पहिले प्रेक्षक होत, आणि त्यांच्या संशयाचे निरसन झाल्याशिवाय पिता पिता होऊ शकत नाही. आईला जे प्रत्यक्ष ज्ञान आहे त्याला सभेत किंमत नाही, आकाशवाणीला आहे. पितृत्व ही निसर्गाची बाब असली तरी ते सिद्ध करावे लागते समाजापुढे, हे महाभारतकाराने कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

३. कालिदासाने केलेली प्रमाणांची रचना

कालिदासाने या उघड्या व्यवहाराला काव्याचे वस्त्र चढविले असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु नाटकाची बांधणी लक्षपूर्वक तपासली असता दिसते ते असे की, पितृत्वाच्या प्रमाणांचा विचार त्याने महाभारतापेक्षाही अधिक काटेकोरपणे केला आहे. एकेक साक्षीदार तो पद्धतशीरपणे दूर करतो आणि मग एकेक प्रमाण नव्याने उभे करतो.

नाटकाचा आरंभच जन्माविषयीच्या संशयाने होतो, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पहिल्या अंकात दुष्यंताला पडलेला प्रश्न असा की, ब्रह्मचारी कण्वाची ही कन्या कशी, आणि क्षत्रियाने वरण्यास ती योग्य आहे काय. सज्जनाच्या अंतःकरणाची ओढ हेच संशयाच्या जागी प्रमाण, असा निर्वाळा तो स्वतःच्या मनाशी देतो. मग सख्यांकडून तिचे खरे मातापिता कोण हे त्याला समजते. अंतःकरणाला प्रमाण मानणारा हाच पुरुष पाचव्या अंकात अंतःकरणाची साक्ष साफ नाकारतो. नाटककाराने हा विरोध सहेतुक योजला आहे यात शंका नाही.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी राजा विदूषकाला सांगतो की आश्रमकन्येविषयीचे आपले बोलणे ही केवळ थट्टा होती. त्यामुळे राजाच्या बाजूचा एकमेव जाणकार निकालात निघतो. तिसऱ्या अंकातील विवाह गांधर्व पद्धतीचा, म्हणजे साक्षीदारांवाचूनचा. चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप फक्त दोन सख्यांना ऐकू येतो आणि त्या तो कोणाला सांगत नाहीत. कण्वाला कन्येच्या विवाहाचे व गर्भाचे वृत्त अशरीरिणी वाणीकडून कळते; परंतु ही वाणी आश्रमातील अग्निगृहात होते, राजसभेत नाही. महाभारतात जे प्रमाण सभेला मिळाले ते कालिदासाने पित्याला दिले आणि पतीपासून काढून घेतले.

पाचव्या अंकात शकुंतलेजवळ दोनच गोष्टी उरतात : मुद्रिका आणि आठवण. मुद्रिका शचीतीर्थात गळून पडली आहे. मृगशावकाची आठवण ती सांगते, तर राजा तिला स्त्रियांचे चातुर्य म्हणून हिणवितो आणि कोकिळेचा दाखला देतो. कोकिळा आपली पिले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते, हा तो दाखला होय. याचा अर्थ उघड आहे. हे मूल दुसऱ्याचे असून ते माझ्या माथी मारले जात आहे, असे राजा सभ्य भाषेत म्हणत आहे. संस्कृत साहित्यात पितृत्वाच्या संशयाची इतकी संयत आणि इतकी जिव्हारी लागणारी उक्ती क्वचितच सापडेल. त्यावर शकुंतला त्याला ‘अनार्य’ म्हणते. महाभारतातील तिच्या दीर्घ भाषणापैकी कालिदासाने ठेवलेला अंगार तो एवढाच.

यानंतर पुरोहित एक तोड सुचवितो. प्रसूतीपर्यंत हिने आपल्या घरी राहावे. पुत्र चक्रवर्तिचिन्हांनी युक्त झाला तर तिचा स्वीकार करावा, न झाला तर तिला पित्याकडे पाठवावे. म्हणजे आईच्या शब्दाचा निकाल मुलाच्या हातावरील रेषा देणार. सातव्या अंकात नेमके हेच घडते. मारीच ऋषींच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याशी खेळणाऱ्या बालकाला पाहून राजाच्या मनात वात्सल्य उत्पन्न होते. बालकाच्या हातावर चक्रवर्तिचिन्ह दिसते. बालकाच्या हातावर चक्रवर्तिचिन्ह दिसते. आणि अखेरीस बालकाच्या मनगटावरून पडलेली ‘अपराजिता’ ही रक्षा राजा उचलतो. आईबाप आणि स्वतः बालक यांखेरीज अन्य कोणी ती उचलली तर तिचा सर्प होऊन ती डसते, असे तापसी सांगतात. सर्प होत नाही आणि पितृत्व सिद्ध होते. अंतःप्रेरणा, देहचिन्ह, रूपसाम्य आणि दिव्य परीक्षा अशा क्रमाने ही प्रमाणे येतात. आईची साक्ष या चारांत कोठेच नाही. ती रंगमंचावर येते ती पितृत्व सिद्ध झाल्यावर.

सहाव्या अंकातील धनमित्र व्यापाऱ्याचा प्रसंगही याच सूत्रात गुंफलेला आहे. समुद्रात बुडून मरण पावलेल्या निपुत्रिक व्यापाऱ्याचे धन राजकोशात जमा करावयाचे, असे अमात्याचे पत्र येते. त्याच्या स्त्रियांपैकी कोणी गर्भवती आहे काय अशी चौकशी राजा करवितो, आणि गर्भातील अपत्य हेच पित्याच्या धनाचे वारस होय असा निर्णय देतो. परक्या स्त्रीच्या गर्भाला जो न्याय तो तत्काळ देतो, तो स्वतःच्या पत्नीच्या गर्भाला त्याने नाकारलेला असतो. प्रेक्षकाला हा विरोध जाणवावा अशीच कवीची योजना आहे.

४. रसिकांचा कौल : चौथा अंक की पाचवा?

‘शाकुंतला’विषयीच्या रसिकमताचा परंपरागत कौल सर्वश्रुत आहे. काव्यात नाटक श्रेष्ठ, नाटकांत शाकुंतल, त्यातही चौथा अंक आणि त्या अंकातील चार श्लोक, असे पंडितांचे मत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. युरोपात सर विल्यम जोन्स यांच्या १७८९ च्या इंग्रजी भाषांतराने आणि त्यावरून झालेल्या १७९१ च्या जर्मन भाषांतराने या नाटकाची कीर्ती पसरली. ग्योथेने त्याची स्तुती केली ती फुलाच्या आणि फळाच्या एकत्र लाभाची म्हणून. रवींद्रनाथ ठाकुरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या निबंधात ग्योथेच्या या उद्गाराचा आधार घेऊन नाटकाचा अर्थ पतन आणि तपश्चर्येने होणारी शुद्धी असा लावला. या सर्व मतांत एक गोष्ट समान आहे : राजसभेतील नकार हा त्यांच्या दृष्टीने सौंदर्याच्या वाटेवरील एक टप्पा आहे, नाटकाचे केंद्र नव्हे.

मराठीत परशुरामपंततात्या गोडबोले यांचे भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी संस्कृत कवींवर लिहिलेल्या निबंधांमुळे कालिदास हा इंग्रजी शिकलेल्या तरुण वर्गाच्या स्वाभिमानाचा विषय झाला. पुढे वा. वि. मिराशी यांनी १९३४ मध्ये ‘कालिदास’ हा ग्रंथ लिहून त्या अभ्यासाला भक्कम बैठक दिली. किर्लोस्करांच्या प्रयोगाला जो शिक्षित प्रेक्षक लाभला तो या वाचनावर वाढलेला होता. आपल्या प्राचीन कवीचे, ज्याची पाश्चात्त्यांनी वाखाणणी केली त्याचे, नाटक आपल्या भाषेत आणि आपल्या चालींत ऐकावयास मिळणे हा त्याच्या दृष्टीने अपूर्व लाभ होता. पुण्यात पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहून किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, परंतु विषय त्यांनी निवडला तो कालिदासाचा, यामागे ही जाणीव होती.

आता १८८० च्या प्रयोगासंबंधीची एक गोष्ट विशेष विचारात घेण्यासारखी आहे. ३१ ऑक्टोबरचा तो प्रयोग पहिल्या चार अंकांचाच होता. संपूर्ण सात अंकी नाटक १८८१ मध्ये रंगभूमीवर आले. याचा अर्थ असा की संगीत रंगभूमीच्या पहिल्या प्रेक्षकांनी पाहिलेली शकुंतला प्रेम करते, विवाह करते आणि सासरी जाण्यास निघते. ती नाकारली जात नाही. तिच्या गर्भाविषयी कोणी संशय घेत नाही. प्रयोग चार अंकांपुरता ठेवण्याचे कारण दोनशेच्या आसपास पदे असलेल्या नाटकाच्या लांबीत व तालमीच्या तयारीत शोधणे हेच सयुक्तिक आहे. त्यावर नाटककाराचा काही गूढ हेतू लादणे योग्य होणार नाही. परंतु परिणामाचा विचार स्वतंत्रपणे करता येतो. चौथ्या अंकावर संपणारा प्रयोग प्रेक्षकांना तुटक वाटला नाही, तर तृप्त करणारा वाटला. पंडितांचा परंपरागत कौल आणि पुणेकर प्रेक्षकांची तृप्ती येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

याचे स्पष्टीकरण अवघड नाही. चौथ्या अंकाचा भावनिक केंद्रबिंदू शकुंतला नसून कण्व आहे. लेकीची पाठवणी करणारा पिता, तोही जन्मदाता नव्हे तर पालनकर्ता, आणि त्याचे वनवासी असूनही व्याकुळ झालेले मन, हा या अंकाचा विषय होय. बालविवाहाच्या त्या काळात प्रेक्षागृहात बसलेल्या जवळजवळ प्रत्येक गृहस्थाने हा अनुभव घेतलेला होता किंवा त्याला तो लवकरच घ्यावयाचा होता. मंचावर मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गायक नट, ओठांवर घरोघर परिचित असलेल्या साकी-दिंडीच्या चाली, आणि प्रसंग मुलीच्या सासरी जाण्याचा. अशा स्थितीत डोळे न पाणावले तरच नवल. शकुंतलेची भूमिका शंकरराव मुजुमदार यांनी केली. पुढे १८८२ मध्ये मंडळीत आलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी ती आपल्या गळ्याने गाजविली, आणि १९०५ मध्ये बालगंधर्वांनी मिरजेस किर्लोस्कर मंडळीत पहिले पाऊल टाकले तेही शकुंतलेच्याच भूमिकेत. स्त्रीच्या या दुःखाला पाव शतकाहून अधिक काळ पुरुषांचाच आवाज मिळाला. त्या आवाजाच्या माधुर्याविषयी प्रेक्षकांचे एकमत होते. त्या आवाजाने जे गाऱ्हाणे मांडले त्याविषयीची चर्चा मात्र त्या प्रमाणात झालेली दिसत नाही.

५. नाट्यगृहाबाहेरील शकुंतला

१८८१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी सात अंकी ‘शाकुंतल’ पूर्ण रूपाने रंगभूमीवर आले त्याच वर्षी, सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली. नंतर ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आणि पुढे पाच वर्षांवर आली. या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या दुर्वर्तनावर जो भडिमार झाला त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ या १८८२ मध्ये पुण्यात छापलेल्या निबंधाने उत्तर दिले. त्यांचा मुख्य सवाल असा की, ज्या अपराधात दोघे भागीदार असतात त्याची शिक्षा एकटीलाच का. पुरुषाला कोणी विचारीत नाही, त्याचे नावही निघत नाही, आणि लोकलज्जेचा सगळा भार स्त्रीवर पडतो, हे त्यांनी अतिशय धारदार शब्दांत मांडले. आपल्या काळातील लोकप्रिय गोष्टी व नाटके स्त्रीचे जे चित्र रंगवितात त्यावरही त्यांनी टीका केली.

हा प्रश्न १८८१ मध्ये एकाएकी उद्भवला नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल हवे तर ठेवावे, हवे तर न्यावे, अशी ती व्यवस्था होती. तेथे जन्मलेल्या, काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. हाच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. पित्याचे नाव न विचारता मुलाला आपले नाव देणारा हा गृहस्थ आणि आपले मूल असूनही नाव नाकारणारा राजा, ही दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे त्या काळच्या पुण्याचे दोन ध्रुव समोर येतात. कण्वानेही टाकून दिलेले मूलच वाढविले होते, हे येथे आठवावे.

कायद्याचे चित्रही याच सुमारास स्पष्ट झाले. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यातील ११२ व्या कलमाने असे ठरविले की, वैध विवाह कायम असताना किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांच्या आत, आईने पुनर्विवाह केलेला नसताना, जन्मलेले अपत्य हे पतीचे औरस अपत्य होय. पतिपत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते असे सिद्ध झाले तरच हे अनुमान ढळते. या कलमाने विवाहित स्त्रीच्या अपत्याला मोठे संरक्षण दिले. परंतु ज्या स्त्रीचा विवाहच सिद्ध होत नाही तिला त्याचा काही उपयोग नव्हता. शकुंतलेची अडचण नेमकी हीच आहे. दुष्यंत अपत्य नाकारतो ते विवाह नाकारून. एकदा विवाह नाकारला की पुढचा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. साक्षीदारांवाचूनचा विवाह आणि साक्षीदारांवाचूनचा सहवास या दोहोंमधील भेद ठरविण्याचे सामर्थ्य सभेजवळही नव्हते आणि न्यायालयाजवळही नव्हते.

अशा परिस्थितीत पाचव्या अंकातील शार्ङ्गरवाची शकुंतलेला उद्देशून असलेली वाणी विशेष अर्थपूर्ण ठरते. राजा म्हणतो तशी तू असशील तर पित्याला तुझ्याशी कर्तव्य नाही. आणि तू स्वतःला शुद्ध समजत असशील तर पतीच्या घरी दास्यही तुला योग्यच आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. एवढे सांगून तापस निघून जातात. चौथ्या अंकात जिच्यासाठी सारे आश्रम व्याकुळ झाले होते, तिला माहेरची वाट पाचव्या अंकात बंद होते. पाठवणीच्या प्रसंगी अश्रू ढाळणाऱ्या प्रेक्षकाला हा प्रसंग आपल्या घरातील म्हणून ओळखू आला नसेल असे मानणे कठीण आहे. त्याने तो ओळखला. परंतु तो दुर्वासाच्या शापाखाली झाकला गेला. शाप आहे म्हणून राजा निर्दोष, राजा निर्दोष म्हणून कोणी दोषी नाही, आणि कोणी दोषी नाही म्हणून विचारावयाचे काही नाही. कालिदासाने शापाची योजना नायकाच्या धीरोदात्तपणाचे रक्षण करण्यासाठी केली, असे सर्वच टीकाकार मानतात. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात या शापाने प्रेक्षकाच्याही मनःशांतीचे रक्षण केले, असे म्हणावयास हरकत नाही.

६. संशयाचे हास्य

येथे तुलनेसाठी किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळा’कडे वळणे उचित होईल. मोलिएरच्या १६६० च्या प्रहसनावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी सुखान्तिका रचली, तिचे देवलांनी प्रथम ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने १८९३ मध्ये गद्य रूपांतर केले आणि पुढे त्यालाच ‘संगीत संशयकल्लोळ’ हे रूप दिले. देवलांच्या निधनानंतर १९१६ मध्येच गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव अशी ती जोडी होती. मराठी प्रेक्षकाने या नाटकाला दिलेले प्रेम शतक उलटून गेले तरी आटलेले नाही.

‘शाकुंतल’ आणि ‘संशयकल्लोळ’ ही दोन्ही नाटके संशयाची आहेत. एकात मुद्रिका हरवते, दुसऱ्यात तसबीर सापडते. वस्तूवरून माणसाची पारख करण्याचा घोटाळा दोन्हींत आहे. मग एकात रडू आणि दुसऱ्यात हसू का यावे? याचे उत्तर असे की, ‘संशयकल्लोळा’च्या कथानकात अपत्याला स्थान नाही. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा परस्परांविषयीचा संशय कितीही विकोपाला गेला तरी त्याने तिसऱ्या कोणाचे नाव, वारसा किंवा जीवित धोक्यात येत नाही. म्हणून तो संशय हास्यास्पद राहू शकतो. दुसरीकडे रेवती ही मघा नायकिणीची मुलगी आहे. मर्फीच्या नाटकातील नायिका कुलीन घरातील. मराठीत तशी प्रौढ, अविवाहित, स्वतंत्रपणे प्रेम करणारी कुलीन कन्या दाखविणे त्या काळी शक्य नव्हते, म्हणून देवलांनी नायकिणीचे घर निवडले. जेथे पित्याचे नाव विचारण्याची चालच नाही अशा घरात पितृत्वाचा संशय उद्भवत नाही. देवलांनी संशयाचे हास्य निर्मळ ठेवले ते हा प्रश्न दोन्ही बाजूंनी कथानकाबाहेर ठेवून. याच देवलांनी ‘शारदा’ हे १८९९ मधील नाटक लिहून विवाहसंस्थेतील अन्यायावर सरळ बोट ठेवले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची ही निवड अजाणता झालेली नाही हे पटते.

पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीने मात्र मुलाच्या बापाचा संशय हाच विनोदाचा विषय केला. अमेरिकेत १९३९ चा ‘बॅचलर मदर’, १९४४ चा ‘द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक’ आणि १९६८ चा ‘बुओना सेरा, मिसेस कॅम्पबेल’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. शेवटच्या चित्रपटात तर एका इटालियन स्त्रीला आपल्या मुलीचा पिता तीन अमेरिकन सैनिकांपैकी कोण हे ठाऊक नसते, आणि ती तिघांकडूनही वर्षानुवर्षे पोटगी घेते. संशयाचा भार येथे स्त्रीकडून पुरुषांकडे सरकला आहे, आणि हास्य त्यातून उत्पन्न होते. मुंबईत किशोर साहू यांचा ‘कुंवारा बाप’ हा विनोदी चित्रपट १९४२ मध्ये आला. त्याच्या पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिराच्या पहिल्या निर्मितीसाठी विषय निवडला तो ‘शकुंतला’चा. जयश्री यांची प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात १०४ आठवडे चालला. १८८० मध्ये पुण्याच्या नाट्यगृहात शंकरराव मुजुमदारांनी उभी केलेली शकुंतला आता एका स्त्रीच्या देहाने आणि आवाजाने राजाला जाब विचारीत होती, आणि तिला पाहणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. कथा तीच राहिली तरी तिचा श्रोता बदलला होता.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, ‘शाकुंतल’ हे पितृत्वाच्या प्रमाणांचा बारकाईने विचार करणारे नाटक आहे. केवळ प्रणयकाव्य म्हणून त्याचे वाचन केल्यास त्याची निम्मी रचना दृष्टिआड होते. दोन, मराठी रसिकाने या नाटकावर प्रेम केले ते मुख्यतः चौथ्या अंकातील पित्याच्या दृष्टीने. पाचव्या अंकातील मातेच्या दृष्टीने त्याकडे पाहण्यास त्याला शापाच्या योजनेने मोकळीक दिली नाही. तीन, नाट्यगृहाबाहेर याच काळात फुले दांपत्याने आणि ताराबाई शिंदे यांनी हा प्रश्न शापावाचून मांडला होता. रंगभूमी आणि समाजसुधारणा या दोन प्रवाहांचा इतिहास वेगवेगळ्या ग्रंथांत लिहिला जातो; १८८०–८२ या तीन वर्षांचा अभ्यास करताना तरी ते एकत्र वाचले पाहिजेत.

रोमिला थापर यांनी शकुंतलेच्या कथेची रूपांतरे आणि तिच्या वाचनाचा इतिहास यांवर १९९९ मध्ये ग्रंथ लिहून प्रत्येक काळ आपली शकुंतला घडवितो हे दाखविले आहे. मराठी रंगभूमीचा त्यातील वाटा अजून सविस्तर लिहिला जावयाचा आहे. किर्लोस्कर मंडळीची नाट्यपुस्तके, तत्कालीन वर्तमानपत्रांतील अभिप्राय, नटांची आत्मवृत्ते आणि स्त्रियांची स्मरणचित्रे ही साधने या दृष्टीने पुन्हा चाळण्याजोगी आहेत. विशेषतः पाचव्या अंकातील पदांना प्रेक्षकांनी दिलेला प्रतिसाद हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकेल.

प्रमाणांचा प्रश्न आजही संपलेला नाही. पुराव्याच्या जुन्या कायद्यातील ११२ वे कलम १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ११६ वे कलम म्हणून कायम आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्णय दिला की, डीएनए चाचणीचा निष्कर्ष आणि कायद्याचे अनुमान यांत विरोध आला तर विज्ञानाने दिलेल्या सत्याला मान द्यावा. ‘अपराजिता’ रक्षेची जागा प्रयोगशाळेने घेतली, असे यावर कोणी म्हणेल. परंतु रक्षा काय किंवा चाचणी काय, पिता कोण एवढेच सांगू शकते. शकुंतलेने सभेत मागितले होते ते त्याहून निराळे : आपल्या शब्दावर विश्वास. महाभारतातील राजाने तो आकाशवाणीवर ठेवला, कालिदासाच्या राजाने मुद्रिकेवर आणि रक्षेवर ठेवला. तिच्या शब्दावर तो कोणीच ठेवला नाही. चौथ्या अंकावर पडदा पडला असता ही उणीव दिसत नाही. पाचवा अंक पाहणाऱ्याला मात्र ती टाळता येत नाही.